गंगाळाचं विमान

"भाऊ, मायं गंगाळ काढून ठेवजो. उद्या पाव्हणे येतेत," रुखमा अंगणातून म्हणाली, आणि खेमराजच्या चिमट्यातली तार सुटली. तार ती केवढी, तीन-चार बोटांची, मोहाडीच्या एका विणकराच्या टाकाऊ फणीतून काढलेली. पण ती विमानाच्या खालच्या पंखावर पडली आणि पंख वाजला. नवा पत्रा वाजतो तेव्हा खणकन बोलून मोकळा होतो. जुना पत्रा आवाज थोडा वेळ आत ठेवून घेतो. तो विरेपर्यंत खेमराज हलला नाही. अंगणात राखेनं परात घासण्याचा आवाज चालूच होता, म्हणजे तिनं ऐकलं नव्हतं. की ऐकूनही घासत होती?

"कोणतं गंगाळ?" त्यानं विचारलं, आणि विचारताच त्याला स्वतःची लाज वाटली.

"आंदणातलं. किती गंगाळं हायेत माये?" रुखमा हसली. "चौदा भांडी आणली होती, चौदाच नेईन. सासू मोजून घेते."

"पायतो. माळ्यावर असंन."

माळ्यावर तेरा होती, हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? चौदावं त्याच्या समोर होतं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस इंच, दोन मजली पंखांचं, मागे दोन पंखे आणि पुढे शिंगासारखं सुकाणू असलेलं. अमेरिकेतल्या सायकलच्या दुकानवाल्या दोघा भावांनी पहिल्यांदा उडवलं ते विमान, फुटाला अर्धा इंच या मापानं. वाचनालयातल्या एका फाटक्या मासिकात त्याचं चित्र होतं, खाली मापं होती. खेमराजनं ती मापं बिडीच्या कागदावर उतरवून घेतली त्याला आता तीन वर्षं होत आली. लेखात भावांविषयी चार पानं होती आणि त्यांना एक बहीण होती हे एका ओळीत होतं. तीही तो लेख पुन्हा वाचला तेव्हाच त्याला दिसली. त्या विमानाचे पंख मलमलीचे होते. वळायचं झालं की दोरीनं पंख पिळायचे, ओलं धोतर पिळावं तसे. हे वाचलं त्या दिवशी खेमराज जेवताना मध्येच थांबला होता. पितळेचा पंख, पण मलमलीसारखा पिळला जाणारा! कुसुमनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वरणाची वाटी पुढे सरकवत विचारलं होतं, "अजी, कोणी मेलं का वाचनालयात?"

खेमराजचा धंदा भांड्यांवर नावं घालायचा. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर आपली छिन्नी-हातोडी घेऊन तो सतरा वर्षं बसत होता, आणि तिथून त्याला माणसं जशी दिसत तशी ती स्वतःला आरशातही दिसत नसतील. वाटीएवढ्या तांब्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव, हुद्दा, गाव आणि 'यांजकडून सप्रेम' एवढं सगळं मावावं म्हणून हट्ट धरणारा आहेर करणारा. मोठी कळशी देऊन 'नाव नको, देवाले ठावं हाय' म्हणणारा आणि मग निघताना हळूच मागे वळून 'बरं, लहानसं घालून दे' म्हणणारा. कोणत्या घरात सासूचं नाव खरवडून सुनेचं घातलं, कोणत्या घरी बायकोचं नाव घालायला नवरा एकटाच चोरून आला, हे त्याला तोंडपाठ. माणूस भांडं पुढे करतो तेव्हाच त्याचा हात सांगून टाकतो, असं त्याचं मत होतं, आणि हे मत तो स्वतःवर कधी लावत नसे. दुकानात जुनं भांडं मोडीत घालायला कोणी आलं की मालक ते आधी खेमराजकडे सरकवायचा. खेमराज नाव वाचायचा आणि विचारायचा, "नावाची बाई हाय का?" ही त्या बाजाराची रीत. नावाची बाई वारली असेल तर भांडं मोडीत जाऊ शकतं. जिवंत असेल तर तिनं स्वतः यायचं, स्वतःच्या हातानं भांडं तराजूत ठेवायचं. नवरा, मुलगा, भाऊ, कोणाचं चालायचं नाही. एकदा तुमसरकडचा एक शिकलेला मुलगा आईची परात घेऊन आला होता, आई दवाखान्यात पडली होती. खेमराजनं परात परत त्याच्या हातात दिली होती. "जित्या बाईचं नाव भट्टीत नाई जात, बाबू." लोक अजून ही गोष्ट सांगत. सांगत तेव्हा खेमराज खाली मान घालून छिन्नी पुसत बसे, आणि लोकांना वाटे, केवढा विनय!

रुखमाच्या गंगाळावरचं नाव त्यानंच घातलं होतं, तो चोवीस वर्षांचा असताना. तेव्हा हात नवा, थरथरणारा. 'चि. सौ. कां. रुखमा' एवढंच, पण 'ख'चे दोन भाग भांडलेल्या जावांसारखे एकमेकींपासून फटकून उभे राहिले होते. रुखमा तेव्हा सतरा-अठराची, शाळा न पाहिलेली, ती त्याच्या पाठीमागे उभी राहून म्हणाली होती, "यात मी कोठी हावो?" त्यानं तिचं बोट धरून त्या तीन अक्षरांवरून फिरवलं होतं. बोटाला पितळेची कच लागली, रक्ताचा ठिपका आला, तिनं तो तोंडात घातला आणि हसली. मग बैलबंडीत बसून लाखांदूरकडच्या दिघोरीला गेली. दहा वर्षांनी एसटीनं परत आली, चौदा भांडी घेऊन. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं, पुंडलिकरावनं, दुसरी केली होती, चंद्रकांता नावाची. मारहाण नव्हती, उपास नव्हते, सांगण्यासारखं काही नव्हतं. तिला फक्त कोणी हाक मारत नसे. "दहा-दहा दिवस मायं नाव आयकू येत नव्हतं, वैनी," एवढंच तिनं कुसुमला एकदा सांगितलं होतं, आणि खेमराजनं ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. भांडी तिनं स्वतःच माळ्यावर रचली. "राहू दे तुयाजवळ. लागली त मागीन," असं म्हणाली. ठेव कशाला म्हणतात ते खेमराजला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तरी तीन वर्षांनी एका दुपारी त्यानं ते खाली काढलं. गिरणीतला नवा पत्रा त्यानं चार वेळा कापून पाहिला होता. तो पिळला की ताठ होऊन परत यायचा, गावच्या पाटलासारखा. जास्त पिळला तर तडकायचा. पत्रा हवा होता हातानं ठोकलेला, वर्षानुवर्षं राखेनं घासून झिजलेला, ज्याची सगळी ताठरी गेली आहे असा. असा पत्रा घरातच होता. रुखमा त्या दिवशी नवेगावला कोणाच्या तरी बारशाला गेली होती, कुसुम तिच्यासोबत. त्यानं गंगाळ मांडीवर घेतलं, टिचकी मारली, कान लावला. मग त्याच्या मनानं जे वाक्य तयार केलं ते त्याला आजही शब्दशः आठवतं: ही आता कुठं जाणार आहे? म्हणजे गंगाळ कोणाला लागणार आहे? एवढंसं वाक्य, पण त्यात बहिणीचा अख्खा संसार त्यानं मोडीत घातला होता. तिला न विचारता, तिच्या हातानं तराजूत न ठेवता. कातर चालली तेव्हा पत्रा ओरडलाही नाही, लोण्यासारखा उलगडला. तापवून, पाण्यात विझवून, लाकडी मोगरीनं सपाट केल्यावर त्यातून वीस-वीस इंचांच्या दोन पट्ट्या निघाल्या, बुडातून सुकाणू निघालं. एका पट्टीच्या कडेला नाव आलं. कानस उचलली. चार घासांत नाव गेलं असतं. हात धजावला नाही. दुसऱ्या कोणाला त्यानं सांगितलं असतं की पत्रा तिथं पातळ होता, भोक पडलं असतं. त्यानं ती पट्टी खालच्या पंखाला घेतली, नाव जमिनीकडे करून, आणि कथलाचा डाख देऊन जोडली. त्या संध्याकाळी दोघी परत आल्या. रुखमानं पंख पाहिले, म्हणाली, "अजी बाई, केवढं नाजूक! उडंन का हे?" तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा एका दिवसाचं पाप होतं. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं झालं, आणि आता दोन वर्षांचं. पाप करणं सोपं. ते पहिल्या दिवशीच्या वयाचं ठेवता येत नाही हे अवघड.

त्यात पुंडलिकरावचं कार्ड आलं. 'रुखमास घेण्यास येत आहे. तयारी ठेवावी.' खेमराजनं ते वाचलं आणि माणसाचा हिशेब त्याला चटकन लागला. आषाढ चालू. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, तोंडावर. चंद्रकांता पोटुशी आहे हे कोणाकडून तरी कानावर आलं होतं. म्हणजे चिखलात वाकायला बाई हवी. "पाच साल याद आली नाई, अन् रोवणा आला तशी आली," असं तो कुसुमला म्हणाला. कुसुम भाजी निवडत म्हणाली, "मले कायले सांगता? तिले सांगा ना." रुखमाला त्यानं सांगितलं नाही. सांगावं म्हणून दोनदा अंगणापर्यंत गेला. पण 'जाऊ नको' हे दोन शब्द जिभेवर आले की त्यांच्या मागून तिसरं कोणीतरी यायचं: गंगाळ. ती राहिली तर गंगाळ कोणी मागत नाही. मग आपण 'जाऊ नको' म्हणतो ते बहिणीसाठी की कापलेल्या पितळेसाठी? त्याला स्वतःलाच सांगता येईना. ज्या तराजूत तो जगाला जोखत होता त्यात तो स्वतः बसला तर काटा कुठंच थांबेना. मग तो गप्प राहिला, आणि गप्प राहण्यात आपला काहीतरी प्रामाणिकपणा आहे अशी स्वतःची समजूत काढली.

ती समजूत आज तिनं अंगणातून मोडली. खेमराज उठला, दुकानात गेला, आणि रुखमाच्या गंगाळाच्या मापाचं नवं गंगाळ घेऊन मागच्या पडवीत बसला. दुपारभर त्यानं त्याला म्हातारं केलं. लाकडावर आपटून पोचे पाडले, कान थोडे वाकवले, वाळूनं आणि राखेनं घासून झळाळी मारली, चुलीच्या धुरावर बूड काळं केलं. पोचे पाडताना त्याला मजा वाटू लागली आणि मजा वाटते हे लक्षात येऊन तो एकदम थांबला. मग नाव. इथं मात्र गाडी अडली. सतरा वर्षांत हात इतका बसला होता की 'ख' सुबक, आपसूक येत होता. त्यानं भंगाराच्या तुकड्यावर सहा वेळा घातला, सहाही वेळा नेटका. चोवीस वर्षांच्या खेमराजचा थरथरता हात एकोणचाळीस वर्षांच्या खेमराजला उसना मिळेना. शेवटी त्यानं डाव्या हातात छिन्नी धरली. अक्षर वाकडं आलं, पण ते लबाडाचं वाकडं होतं. भिणाऱ्याचं वाकडं वेगळं असतं. असो, बायकांना काय कळतंय, असं म्हणून त्यानं गंगाळ रुखमासमोर नेऊन ठेवलं.

"सापडलं?" रुखमा म्हणाली.

"माळ्यावर, कोपऱ्यात होतं."

तिनं हात पुसले. गंगाळ स्वतःकडे वळवलं. अंगठा नावावरून एकदा फिरवला, सावकाश, उजवीकडून डावीकडे, उलटा. मग त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही होतं का, हे तो पुढे कित्येक दिवस आठवून पाहणार होता. त्या क्षणी त्यानं माळ्याकडं पाहिलं. "जड झालं वाटते," ती म्हणाली, आणि गंगाळ इतर तेरांच्या शेजारी नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुंडलिकराव आला. टोपी धुतलेली, पायताणं चिखलाची. चहा बशीत ओतून प्यायला, पावसाचं बोलला, धानाच्या पऱ्ह्याचं, म्हणजे रोपांचं, बोलला. हात जोडून बोलायची त्याची सवय, त्यामुळे समोरच्याला आपणच त्याचा काही अपराध केला आहे असं वाटायचं. मग भांडी मोजायला बसला. तांबे, कळशा, परात, घागर. गंगाळाशी आल्यावर त्यानं बोटानं टकटक केलं आणि भुवई वर गेली. "हे त नवंच दिसते जी."

 तेवढ्यात रुखमा म्हणाली, "नवं कायचं? मी पाच साल घासून राहिली. तुमच्या घरी कोणी घासत नव्हतं, म्हणून तुमाले नवं दिसते."

कुसुम तोंडाला पदर लावून हसली. पुंडलिकरावही हसला. चौदा झाली. खेमराज मात्र हसला नाही. आपल्यासाठी कोणी खोटं बोलतं तेव्हा ते खोटं आपल्या अंगावर किती वेळ उभं राहतं, हे तो मोजत होता. तिला कळलं होतं? तर मग ती रागावली का नाही? आणि कळलं नसेल, तर एवढं चपळ उत्तर आलं कुठून?

स्टँडवर लाखांदूरची गाडी लागलेली होती. पुंडलिकरावनं भांड्यांचं बोचकं टपावर चढवलं आणि खाली उतरून बिडी पेटवली. रुखमा खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा. कुसुमनं दशम्या दिल्या होत्या. खेमराज खिडकीखाली उभा राहिला. समोर उसाच्या रसाचं चाक फिरत होतं, घुंगरू वाजत होतं, आणि गाडी सुटायच्या आत हे बाहेर पडायलाच हवं होतं.

"रुखमे," तो म्हणाला, "ते गंगाळ तुयं नोहे. तुयं मी कापलं. विमानाले लावलं. हे काल आणलं, नाव मीच घातलं, धुरावर धरून काळं केलं. मी चोर हावो."

पुंडलिकराव दोन पावलांवर होता. तो बिडी झटकत जवळ आला. "मले सकाळीच समजलं होतं, खेमराजभाऊ. पण जुन्याच्या बदली नवं भेटलं, त आमचं काय जाते? पाणीच तापवाचं हाय." आणि त्यानं हात जोडले.

 दोन वर्षं ज्याच्या वजनानं खेमराजनं मान वर केली नव्हती तो गुन्हा असा भर बाजारात ठेवला, तर कोणी उचलायलाही तयार नव्हतं. त्यानं वर पाहिलं. रुखमा डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "दोन साल झाले. तुयं विमान रोज पुसत कोण होतं? उचललं का खालून मायं नाव दिसे. तेवढंच त वाचता येते मले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू नाव घालणारा माणूस. पराया बाईचं भांडं हातात घेतलं त दहादा इचारते तू. माया भांड्याले कातर लावली, म्हणजे मनात काई ठरवूनच लावली असंन ना? म्या म्हटलं, भावाच्या घरी आपलं नाव आता भट्टीतलं. दोन साल इचार केला. मंग मीच पोस्टातल्या बाबूकडून पत्र लिहून घेतलं, का मले न्याले या."

रोवण्याचा हिशेब, चंद्रकांताचा हिशेब, सगळा त्यानं स्वतःच्या हुशारीनं मांडलेला. तो क्षणभर खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. गज तापला होता. मग, विचित्र गोष्ट, त्याला हलकं वाटलं. तिला माहीत होतं. सांगून झालं होतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. त्या सुटकेच्या सुखात तो जवळजवळ हसला.

"मले माफ कर, बाई," तो म्हणाला.

"माफ त तवाच केलं." ती थोडी पुढे वाकली. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. कंडक्टर दार ओढत होता. "अजून काई सांगाचं हाय, भाऊ?"

त्यानं मनापासून आठवून पाहिलं. "नाई," तो म्हणाला. "एवढंच होतं."

 मग तिनं डोकं आत घेतलं. घंटी वाजली.

खेमराज घरी आला तो झपझप चालत आला. रस्त्यात दोघांशी बोलला, एकाला हसून नमस्कारही केला. हातपाय धुतले, पाटावर बसला. कुसुमनं ताट वाढलं आणि स्वतः उभीच राहिली, दाराकडे पाहत.

"बाई?" तिनं विचारलं.

"गेली. गाडीत बसवून देल्लं." मग तो म्हणाला, "सांगून टाकलं मी तिले. गंगाळाचं. सगळं."

"ते ठीक हाय. पण राय म्हणलं का तिले?"

त्यानं घास परत ताटात ठेवला.

"तिनं काई इचारलं नाई," तो म्हणाला, आणि म्हणतानाच खिडकीतून पुढे वाकलेला तिचा चेहरा त्याला दिसला.

 कुसुमनं चुलीजवळची भाताची गंजी उचलून त्याच्या समोर ठेवली आणि झाकण काढलं. भात तिघांचा होता.